मुलांसोबत घरचा आकाशकंदील: सहा चौकोन आणि सहा कर्ण

प्रश्न असा आहे: मुंबईत सातव्या मजल्यावर वन बीएचके. मुलगा पाच वर्षांचा, मुलगी नऊ वर्षांची. यंदा दिवाळीला आकाशकंदील घरीच करायचा आहे, आणि तो खरोखर मुलांनी केलेला हवा. गेल्या वर्षी केलेला कंदील टांगल्यावर पिळवटून तिरका झाला, कागद सुरकुतला आणि पाडव्यापर्यंत दोन बाजू सुटून लोंबायला लागल्या. काय चुकलं, आणि पाच वर्षांच्या मुलाला नेमकं कोणतं काम द्यायचं?

जे चुकलं ते बहुतेक कागद हातात घ्यायच्या आधीच. कंदील तिरका होतो तो सांगाड्यामुळे, आणि कागद सुटतो तो घाईमुळे. कागद लावला की सांगाडा सरळ होईल अशी आशा धरू नका. वाकड्या सांगाड्यावर कागदही वाकडाच बसतो. त्यामुळे सगळ्या कामाचा निम्म्याहून जास्त वेळ काड्या, गाठी आणि वाळवण यांना द्या. सजावट एका संध्याकाळचं काम आहे. मुलांना फक्त टिकल्या चिकटवायला बसवू नका. मोजणं, बांधणं आणि तपासणं हीच खरी मजेची कामं आहेत आणि ती त्यांना जमतात.

आपला पारंपरिक कंदील म्हणजे सारख्या मापाचे सहा चौकोन, कोपऱ्याला कोपरा बांधलेले. एक वर, एक खाली आणि चार मध्ये, हे चार आपापल्या टोकावर उभे. असे बांधले की मधल्या मोकळ्या जागांत आठ त्रिकोण आपसूक तयार होतात, त्यांना वेगळी काडी लागत नाही. एकूण चोवीस काड्या, सगळ्या एकाच लांबीच्या, आणि गाठही एकाच प्रकारची. मुलांसोबत करायला यापेक्षा सोयीचा आकार नाही. चांदणी दिसायला सोपी वाटते, पण बांधायला कठीण. तिचं शेवटी सांगतो.

माप ठरवताना खिडकीचं ग्रिल आधी मोजा. चौकोनाची बाजू जेवढी, त्याच्या दुप्पट कंदिलाची रुंदी आणि साधारण १.४ पट उंची. म्हणजे बाजू १५ सेंमी घेतली तर कंदील ३० सेंमी रुंद आणि २१ सेंमी उंच होतो (शेपट्या सोडून). २० सेंमी घेतली तर ४० सेंमी रुंद. बॉक्स ग्रिलमध्ये ४० सेंमीचा कंदील वाऱ्याने हलला की गजांवर आपटतो आणि दोन दिवसांत कागद फाटतो. चाळीच्या गॅलरीत किंवा मोठ्या बाल्कनीत तो चालेल. तुमच्यासाठी १५ सेंमी घ्या. पुढची सगळी मापं त्याचीच देतो.

काड्या बुरुडाकडून आणलेल्या बांबूच्या कामट्यांच्या असाव्यात, ५-६ मिमी रुंद आणि २-३ मिमी जाड. प्रत्येक काडी १७ सेंमीची कापायची: १५ सेंमी बाजू आणि दोन्ही टोकांना गाठीसाठी एकेक सेंमी. चोवीस काड्यांना चार मीटरपेक्षा थोडी जास्त कामटी लागते, शिवाय २३ सेंमीच्या दोन काड्या कर्णांसाठी. तुटफूट धरून सहा मीटर घ्या. बुरूड सापडत नसेल तर सुपरमार्केटमध्ये बार्बेक्यूच्या ३० सेंमीच्या बांबूच्या काड्या मिळतात. त्यांचं अणकुचीदार टोक कापून एकीचे १४ सेंमीचे दोन तुकडे करा. बाजू १२ सेंमी भरते आणि कंदील २४ सेंमी रुंद होतो. तो लहान असल्याने आत बल्ब नको, फक्त दिव्यांची छोटी माळ. खराट्याच्या काड्या फुकटच्या असल्या तरी एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक असतात, त्यामुळे ७-८ सेंमी बाजूच्या छोट्या कंदिलांपुरत्याच वापरा. धाकट्याला त्यांचा एक स्वतःचा कंदील करू द्यायला हरकत नाही.

कामटी मोठ्या माणसाने कापायची, हॅक्सॉच्या पात्याने. कटरने दाबून कापली तर ती उभी चिरते आणि ती चीर पुढे गाठीपाशी फाकते. कापून झाल्यावर प्रत्येक काडीला पॉलिश पेपर मारायचा, १०० किंवा १२० नंबरचा, कायम लांबीच्या दिशेने. मुलीला काडेपेटीभोवती पॉलिश पेपर गुंडाळून द्या, म्हणजे बोटात कुसळ जाणार नाही. बांबूची बाहेरची हिरवट, चकचकीत बाजू जरा जास्त घासा. ती मेणचट असते, तिच्यावर खळ धरत नाही. गेल्या वर्षी कागद सुटला त्याचं अर्धं कारण इथेच असू शकतं.

आता पाच वर्षांच्या मुलाचं पहिलं काम. चोवीस काड्यांची मोळी त्याच्या दोन्ही हातांत द्या आणि टेबलावर उभी ठोकायला सांगा. खालची टोकं सारखी झाली की जी काडी वर डोकं काढते ती लांब आणि जी दिसतच नाही ती आखूड. लांब काड्या वेगळ्या काढून पुन्हा घासायला ताईकडे द्यायच्या. एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतो. तीन मिलिमीटरच्या वर गेला की चौकोन बंद होतच नाही, कुठेतरी काडी वाकवावी लागते आणि तोच ताण नंतर कंदील पिळवटतो. मुलं ही तपासणी मोठ्या माणसांपेक्षा कडक करतात, हे लक्षात येईलच.

चौकोन हवेत धरून बांधू नका. जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर १५ सेंमीचा चौकोन काढा आणि चारही रेषा कोपऱ्यांच्या पुढे दोन सेंमी वाढवा. खाली दोन समांतर काड्या, त्यांच्यावर आडव्या दोन. कोपऱ्यांवर आधी रबरबँडची फुली घाला. हे धाकट्यालाही येतं. मग पट्टीने दोन्ही कर्ण मोजा. १५ सेंमीच्या चौकोनाचा कर्ण २१.२ सेंमी भरायला हवा. एक २१.५ आणि दुसरा २०.९ भरला तर चौकोन कललेला आहे. हाताने हलकेच दाबून तो सारखा करायचा. चौथीतली मुलगी हे मोजमाप सहज करते, आणि कर्ण सारखे असले की चौकोन काटकोनी होतो हे तिला वहीपेक्षा इथे पक्कं कळतं.

मग दोऱ्याची गाठ. दोरा सुती आणि जाड हवा, गोधडी शिवायला वापरतात तसा. नायलॉनचा दोरा बांबूवरून घसरतो आणि त्याच्यात गोंद मुरत नाही. दोरा एका काडीला गाठ मारून अडकवायचा, कोपऱ्यावर तिरके तीन फेरे एका दिशेला आणि तीन दुसऱ्या दिशेला घालायचे, शेवटी दोन काड्यांच्या मधून दोन फेरे करकचून आवळायचे. या शेवटच्या दोन फेऱ्यांनीच गाठ घट्ट होते. ते राहिले तर वरचे सहा फेरे कितीही सुबक असोत, कोपरा हलतो. गाठ मारून वर फेविकॉलचा एक थेंब. रबरबँड मात्र आठवणीने कापून टाका. तो तसाच ठेवला तर उन्हाने कडक होऊन ऐन दिवाळीत तुटतो आणि त्याचा डाग कागदातून दिसतो. नऊ वर्षांच्या मुलीला एका चौकोनाला पहिल्यांदा वीस मिनिटं लागतील, नंतर दहा. एका संध्याकाळी तीनच चौकोन करा. बोटं दुखायला लागली की फेरे सैल पडतात.

सहा चौकोन रात्रभर वाळले की जोडणी. एक चौकोन टेबलावर आडवा ठेवा. त्याच्या प्रत्येक कोपऱ्याला एकेक उभा चौकोन, टोक खाली करून, बांधायचा. मग शेजारच्या उभ्या चौकोनांचे आडवे कोपरे एकमेकांना, आणि शेवटी वरचा चौकोन चार टोकांवर. चार, चार आणि चार, अशा बारा गाठी. सुरुवातीला गाठी सैल ठेवा, कारण चौकोनांना जागेवर बसेपर्यंत फिरावं लागतं. बाराही झाल्या की मग एकेक आवळा. या वेळी चार हात लागतात: एकाने धरायचं, दुसऱ्याने बांधायचं.

बहुतेक घरगुती कंदील बिघडतात ते या पुढच्या टप्प्यावर. असा बांधलेला सांगाडा दिसायला पूर्ण दिसतो, पण तो पक्का नसतो. वरचा चौकोन एका हाताने आणि खालचा दुसऱ्या हाताने धरून विरुद्ध दिशांना हलकेच पिळा. सगळा सांगाडा फिरत फिरत खाली बसायला लागेल. त्रिकोणाचा आकार काड्या न मोडता बदलत नाही. चौकोनाचा बदलतो, तो कलून पतंगासारखा होतो. इथे सहा चौकोन आहेत, त्यामुळे डुगडुगायच्या जागाही सहाच. प्रत्येक चौकोनाला कर्ण दिला की सांगाडा पूर्ण आवळला जातो. एकही कर्ण राहिला तर तो कुठेतरी हलतोच. गेल्या वर्षीचा तुमचा कंदील नक्की याच कारणाने पिळवटला असणार.

वरच्या आणि खालच्या चौकोनाला २३ सेंमीची एकेक काडी कर्णावर बांधा. वरच्या काडीला दिवा टांगायचा आहे, खालच्या काडीला मधली शेपटी. बाजूच्या चार चौकोनांना काडी नको, तिची सावली कागदावर पडते. तिथे पांढऱ्या दोऱ्याची फुली ताणून बांधा. दोरा फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही, म्हणून एक कर्ण पुरत नाही, दोन्ही लागतात. बांधताना पुन्हा पट्टी: २१.२ आणि २१.२. झालं की मुलांना पुन्हा पिळून बघू द्या. आता सांगाडा हलत नाही, आणि आधी हललेला त्यांनी स्वतः पाहिलेला असल्यामुळे हा फरक त्यांना फार आवडतो.

खळ घरीच करा. मैदा ५० ग्रॅम, पाणी पाव लिटर. आधी मैदा त्यातल्याच अर्धी वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, उरलेलं पाणी गरम करा, कालवलेला मैदा त्यात ओता आणि मंद आचेवर सतत ढवळत राहा. पांढरा दुधट रंग जाऊन खळ चकचकीत, जरा पारदर्शक दिसायला लागली की उतरवा. कच्चा मैदा चिकटत नाही. तो शिजून फुलायला हवा. वाळल्यावर पिठासारखी भुकटी होऊन पडणारी खळ ही कच्ची उतरवलेली असते. चिमूटभर तुरटी घातली तर दोन-तीन दिवस आंबत नाही, फ्रिजमध्ये ठेवली तर आणखी चांगलं. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात ते ऐकून तुम्ही घालू नका. मोरचूद विषारी आहे आणि इथे मुलांची बोटं दर दोन मिनिटांनी तोंडाशी जाणार आहेत. फेविकॉल गाठींसाठी उत्तम, पण पतंगाच्या कागदावर त्याचे कडक, चकाकते डाग पडतात, आणि दिवा लागल्यावर ते जास्तच दिसतात.

कागद पतंगाचा, दोन रंगांचे दोन-दोन ताव. एका रंगाचे चार चौकोन, दुसऱ्याचे आठ त्रिकोण. वरची आणि खालची तोंडं उघडीच ठेवायची, गरम हवा तिथूनच जाते. रंग निवडताना ताव दिव्यासमोर धरून बघा. पिवळा, केशरी, पांढरा आणि गुलाबी छान उजळतात. गडद निळा आणि जांभळा दिवसा सुंदर दिसतात, पण पिवळट दिव्यापुढे काळवंडतात. ओल्या बोटाने कोपरा पुसून रंग सुटतो का तेही बघा. सुटत असेल तर पांढऱ्या कागदाला लागून तो रंग ठेवू नका. जिलेटीन पेपर पावसाला टिकतो, पण खळीने चिकटत नाही, त्याला डबल टेप लागते आणि दिवा त्यातून डोळ्यांवर येतो. थर्माकोलचा विचारच नको. महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून बंदी आहे. कागद क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर सगळ्या रंगांत मिळतो, दिव्याचं सामान तिथून जवळच लोहार चाळीत. दिवाळीच्या आठवड्यात तिकडे मुलांना नेण्यात अर्थ नाही, पंधरा दिवस आधी उरकून घ्या.

चौकोनाचा तुकडा १८ सेंमीचा कापा, म्हणजे प्रत्येक बाजूला दीड सेंमी दुमडायला राहतो. त्रिकोणासाठी १५ सेंमी बाजूचा त्रिकोण पुठ्ठ्याचा करून घ्या, कागदावर ठेवा आणि भोवताली दीड सेंमी सोडून कापा. दुमडणीचे कोपरे तिरके छाटा, नाहीतर प्रत्येक टोकाला कागदाचा गठ्ठा जमतो. सांगाडा हाताने बांधलेला असल्याने आठही त्रिकोण तंतोतंत सारखे नसतात. प्रत्येक तुकडा आपल्या जागेवर धरून बघा आणि पेन्सिलने नंबर टाका.

चिकटवताना एक नियम मुलांना आधीच सांगा: खळ काडीला लावायची, कागदाला नाही. पतंगाचा कागद ओला झाला की लांबतो आणि बोटाच्या दाबानेही फाटतो. खळ लावायचं काम धाकट्याचं. त्याला लहान वाटीत थोडीच खळ द्या आणि एका वेळी एकाच त्रिकोणाच्या तीन काड्या दाखवा. बोटाने लावली तर थर जाड बसतो आणि जाड थर वाळायला दुप्पट वेळ घेतो, म्हणून लावल्यावर दुसऱ्या कोरड्या बोटाने एकदा निपटून घ्यायला शिकवा. ताईने कागद ठेवायचा, मधून कडेकडे हलक्या हाताने सारायचा आणि कडा काडीभोवती आत दुमडायच्या. फार ताणायचा नाही. वाळताना कागद स्वतःच थोडा आवळतो. ताणून लावलेला कागद रात्रीत मध्येच फाटलेला सापडतो.

क्रम खालून वर ठेवा: आधी खालचे चार त्रिकोण, मग चार चौकोन, शेवटी वरचे चार त्रिकोण. कौलांसारखी वरची कड खालच्या कडेवर आली की पावसाचे चार थेंब आत न शिरता ओघळून जातात. पावसाळा मुंबईतून साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात निघतो, पण दिवाळी लवकर आली तर संध्याकाळची सर गाठतेच. सगळा कागद लागला की पंख्याखाली टांगून रात्रभर वाळू द्या. उन्हात ठेवू नका. एका बाजूचा रंग उडतो आणि कामट्या वळतात. सुरकुत्या घालवायला पाणी फवारायची युक्ती तुम्हाला कोणी सुचवेल. साध्या पांढऱ्या कागदावर ती चालते, पतंगाच्या रंगीत कागदावर रंग ओघळतो.

वाळल्यावर सांध्यांवर सोनेरी कागदाच्या पट्ट्या, दीड सेंमी रुंद. चोवीस कडांना सुमारे साडेतीन मीटर लागतात. टोकांवर करंज्या लावायच्या तर घोटीव कागदाची आठ सेंमी व्यासाची वर्तुळं कापून अर्ध्यात दुमडा. बाटलीचं बूड ठेवून वर्तुळ काढणं आणि दुमडणं ही दोन्ही कामं धाकट्याची. चमकी नको. फराळाच्या दिवसांत ती चिवड्यात सापडते आणि डोळ्यांत गेली तर त्रास होतो.

शेपट्या पूर्णपणे पाच वर्षांच्या मुलाकडे द्या. अडचण एकच येते: गोल टोकाच्या बोथट कात्रीत पतंगाचा एक पदर कापला न जाता पात्यांमध्ये दुमडतो, आणि मूल वैतागून कात्री टाकतं. दोष मुलाचा नसतो. कागदाचे चार पदर करून खाली वर्तमानपत्राचा एक तुकडा धरा, कात्री सरळ चालते. पट्ट्या दोन सेंमी रुंद आणि सातव्या मजल्यावर ४० सेंमीपेक्षा लांब नकोत. खाली तळमजल्यावर ६० चालतील. वर वारा जास्त असतो, लांब शेपट्या ग्रिलमध्ये गुंततात आणि कंदील एका बाजूला ओढतात. प्रत्येक पट्टीचं वरचं टोक दोऱ्यावरून दुमडून चिकटवा, तो दोरा खालच्या चौकोनाच्या काड्यांवर बांधा. नुसती काडीला चिकटवलेली शेपटी पहिल्याच जोराच्या वाऱ्यात निघते.

याच वयाच्या मुलांसाठी मीठ-पिठाचे दागिने आणि लटकन करायला सांगणारे व्हिडिओ खूप फिरतात. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, एक वाटी पाणी, थापून वाळवायचं. मुंबईच्या दमट हवेत मीठ पाणी ओढतं, लटकन मऊ पडतात आणि रंग चिकट होतो. दोन्ही बाजूंनी आणि भोकाच्या आतूनही वॉर्निश मारणार असाल तरच करा. त्यापेक्षा कागदाचा लगदा बरा.

आता दिवा. इथे मुलांना हात लावू द्यायचा नाही, फक्त बघू द्यायचं. कंदिलाच्या आत एलईडीच. साधा अर्ध्या वॉटचा नाइट बल्ब या मापाला पुरतो, फार तर तीन वॉटचा. जुना ४० वॉटचा तारेचा बल्ब कागद करपवतो. पणती किंवा मेणबत्ती आत कधीच नाही. होल्डर वरच्या कर्णकाडीच्या मधोमध बांधा, म्हणजे बल्ब कंदिलाच्या मध्यावर येतो आणि चारही बाजूंच्या कागदापासून सात-आठ सेंमी दूर राहतो. कंदिलाचं वजन वायरवर टाकू नका. वरच्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांना सारख्या लांबीचे चार दोरे बांधून ते एका कडीत आणा आणि कडीला दोरी. वायर त्या दोरीसोबत सैल सोडा, दोन ठिकाणी बांधा. ग्रिलमध्ये उघडा सांधा किंवा नुसती टेप मारलेली जोडणी ठेवायची नाही, वायर होल्डरपासून घरातल्या प्लगपर्यंत सलग हवी. स्लायडिंग खिडकीच्या फटीतून वायर नेली तर खिडकी रोज तिला चेपते. कोपऱ्यात जाळीच्या बाजूने न्या.

मुलं बटण स्वतः चालू-बंद करणार असतील, आणि करणारच, तर पाच व्होल्टची यूएसबी माळ सगळ्यात बिनधोक. जुना मोबाइल चार्जर घरातच राहतो आणि बाहेर ओलाव्यात फक्त पाच व्होल्ट जातात. थेट प्लगला लावायच्या स्वस्त माळांची वायर पातळ असते आणि तिच्यात पूर्ण २३० व्होल्ट खेळतात. ग्रिलसाठी त्या नकोत. यूएसबी माळेचे दिवे ठिपक्यांसारखे दिसू नयेत म्हणून ती बटर पेपरच्या नळकांड्यात गोळा करून मधोमध टांगा, उजेड सगळीकडे सारखा पसरतो.

वेळापत्रक असं धरा. वसुबारसेला कंदील लावायचा तर दहा दिवस आधी सामान घरात हवं. एक संध्याकाळ कापणं आणि घासणं, दोन संध्याकाळी चौकोन, एक जोडणी आणि कर्ण, एक कागद, एक सजावट. मधले वाळवणाचे दिवस वगळून काम संध्याकाळी तासभरच. रविवारी सगळं एकदम उरकू असं ठरवलंत तर ओल्या गाठींवर कागद चढेल आणि पुन्हा गेल्या वर्षीसारखंच होईल. आणि मुलं झोपल्यावर त्यांनी लावलेला त्रिकोण काढून नीटनेटका लावू नका. कड सुटली असेल तर सकाळी त्यांनाच दाखवा, वाटीत चमचाभर खळ द्या. एखादी बाजू सुरकुतलेली राहिली तर राहू दे; कंदील उजळला की ती फारशी दिसत नाही.

तुळशीचं लग्न किंवा त्रिपुरी पौर्णिमेनंतर कंदील उतरवला की खळीकडे झुरळं आणि कसर धावतात. कागद ठेवायचा मोह सोडा. तो भिजवून काढून टाका, सांगाडा ओल्या फडक्याने पुसून दोन दिवस वाळवा आणि कापडी पिशवीत घालून माळ्यावर टांगा. पुढच्या वर्षी गाठी तपासून नवा कागद लावायचा, अर्धं काम आधीच झालेलं असतं.

उरलेल्या कामट्यांची नाताळला चांदणी होते. वांद्र्यात आणि वसईत डिसेंबरमध्ये घरोघरी टांगलेल्या दिसतात, तीच. ४० सेंमीच्या दहा काड्या घ्या, पाच-पाचच्या दोन चांदण्या करायच्या. प्रत्येक काडीवर दोन्ही टोकांपासून १५.३ सेंमीवर खूण करा. काड्या एकमेकींना बरोबर याच खुणांवर ओलांडतात, त्यामुळे पाचही कोन सारखे येतात. काड्या एक वर, एक खाली अशा विणल्या तर खुणांवरच्या गाठी हलत नाहीत. दोन्ही चांदण्या एकावर एक ठेवून फक्त पाच टोकं बांधा. मग आतल्या पाच कोपऱ्यांत दोन्ही चांदण्यांच्या मध्ये ८ सेंमीच्या पाच काड्या आडव्या खोचा. चांदणी फुगून उभी राहते. या पाच काड्या ताणाने निसटतात, म्हणून प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना कामटी बसेल एवढी खाच पाडा, बांधा आणि फेविकॉल पूर्ण वाळल्याशिवाय कागदाला हात लावू नका.